पिकअपच्या टायरमध्ये हवा किती ठेवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान छोट्या मालवाहू गाड्यांसाठी आहे. बोलेरो पिकअप, योधा, दोस्त, सगळे ज्याला छोटा हत्ती म्हणतात तो एस, अशा गाड्या. मी निफाड तालुक्यातला. हंगामात टोमॅटो आणि एरवी कांदा, भाजी, जे भाडं मिळेल ते घेऊन वाशीच्या फेऱ्या करण्यात बरीच वर्षं गेली. आता गाडी मुलगा चालवतो आणि मी त्याला हवेवरून बोलतो. गावातली पोरं, नवीन गाडी घेतलेले शेतकरी जे विचारतात तेच इथे उत्तरांसकट लिहिलं आहे.

सरळ एक आकडा सांगा. किती भरायची?

सांगता येत नाही, आणि जो न विचारता सांगतो त्याचं ऐकू नका. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या गाडीवरच लिहिलेला आहे. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडा, चौकटीवर किंवा दरवाजाच्या कडेला स्टिकर सापडेल. काही गाड्यांत ते दुसरीकडे असतं, काहींत फक्त माहितीपुस्तिकेत. त्यावर पुढचे टायर आणि मागचे टायर असे वेगळे आकडे असतात, आणि बऱ्याच मालवाहू गाड्यांत रिकामी गाडी आणि भरलेली गाडी असेही वेगळे. म्हणजे एका गाडीचे तीन-चार आकडे. प्रवासी कारची सवय असलेला माणूस इथेच चुकतो.

पुढच्या हिशेबांसाठी मी एक नमुना धरतो: पुढे ३६ पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड, हवेच्या दाबाचं माप), मागे भरलेल्या गाडीला ६०. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. भरताना स्टिकर बघा.

स्टिकर निघून गेलंय. मग?

जुनी गाडी घेतली, मागच्या मालकाने रंग मारून घेतला, त्यात स्टिकर गेलं, हे नेहमीचंच. पुस्तिका शोधा, नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि टायरची साइज सांगून विचारा. शेजाऱ्याच्या गाडीवरून उतरवून घेऊ नका. एकाच नावाच्या पिकअपचे सव्वा टनी, दीड टनी, पावणेदोन टनी असे प्रकार असतात, टायरही वेगळे असतात. आकडा मिळाला की डिझेलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून टाका. हवा बहुतेक वेळा पंपावरच भरली जाते, तेव्हा समोर दिसतो.

स्टिकरवर २५०, ४१० असे मोठे आकडे आहेत. हे काय?

ते किलोपास्कल. सात किलोपास्कल म्हणजे जवळपास एक पीएसआय, त्यामुळे २५० म्हणजे ३६ आणि ४१० म्हणजे साधारण ६०. बार लिहिलं असेल तर साडेचौदाने गुणा, किलो प्रति चौरस सेंटिमीटर असेल तर चौदाने.

टायरवरच लिहिलेला असतो ना दाब, तोच भरला तर?

टायरच्या बाजूला जो दाब लिहिलेला असतो तो त्या टायरने जास्तीत जास्त वजन पेलताना लागणारा दाब असतो. टायर बनवणाऱ्याला तो कुठल्या गाडीला लागणार हे माहीत नसतं. तुमच्या गाडीचं पुढचं वजन किती, मागचं किती, हे गाडी बनवणाऱ्यालाच माहीत. म्हणून गाडीवरचा आकडा खरा.

तरी टायर वाचायला शिकावं. '२१५/७५ आर १५' असं असेल तर २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे उंची रुंदीच्या ७५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचातला व्यास. 'एलटी' म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. '८ पीआर' ही मजबुतीची प्रत. पूर्वी एवढे खरोखर कापडाचे थर असायचे, आता थर कमी असतात, ताकद तेवढी धरतात. पुढे '११२/११०' असं काही असेल तर ते वजनाचे सांकेतिक आकडे. ११२ म्हणजे ११२० किलो, एकेरी चाकासाठी. ११० म्हणजे १०६० किलो, जोडचाकासाठी. १०० असेल तर ८०० किलो, १०६ असेल तर ९५०.

आणि हे वजन म्हणजे निव्वळ माल नव्हे. मागच्या दोन टायरवर एक्सल, पाटे, हौदा, फाळका, ताडपत्री, वरून मिळून बसलेले हमाल, सगळं येतं. माल त्यानंतर.

मागे जास्त, पुढे कमी, असं का? चारही सारखे ठेवले तर काय बिघडतं?

याचं उत्तर मी एकदा पैसे भरून शिकलो आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पिकअपचं इंजिन पुढे. रिकाम्या गाडीत पुढचे टायर थोडं जास्त वजन घेतात, मागचे थोडं कमी. पण हौदा जवळजवळ मागच्या एक्सलवरच बसवलेला असतो, त्यामुळे भरलेला माल बहुतेक सगळा मागच्या दोन चाकांवर जातो. टोमॅटोचा क्रेट घ्या. आत माल २० किलो, क्रेटचं स्वतःचं वजन दीड-दोन किलो. ७० क्रेट म्हणजे दीड टन झाले. पुढच्या टायरना याची फारशी दादही नसते.

आता वजन पेलतो कोण? रबर नाही, आतली हवा. ६० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४.२ किलो. एका मागच्या टायरवर ९०० किलो आले तर तेवढं पेलायला त्याचा २१५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास भाग जमिनीला टेकावा लागतो. म्हणजे १५ बाय १४ चा चौकोन. त्याच टायरमध्ये ३६ भरली की तेच ओझं पेलायला ३५० चौरस सेंटिमीटर लागतात. टायरची रुंदी तर वाढत नाही, मग तो चौकोन लांबीने वाढतो, १५ बाय २४ होतो. लांबी वाढायची तर टायरला खाली बसावं लागतं आणि बाजूची भिंत बाहेर फुगावी लागते. टायरच्या कडेची ताकद वेगळी धरली तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, गोष्ट तीच राहते.

या साइजचं चाक एका किलोमीटरला सुमारे ४५० वेळा फिरतं. आमच्याकडून वाशी २०० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका खेपेत टायरची बाजू ९० हजार वेळा वाकते आणि सरळ होते. लोखंडी तार हाताने पुढेमागे वाकवून बघा, तुटायच्या आधी ती बोटाला चटका देते. टायर तसाच तापतो.

माझ्या बाबतीत झालं असं: पहाटे निघालो, पंपावर नवीन पोरगा होता. "चारों में पैंतीस डाल दिया," म्हणाला. मी मान हलवली आणि निघालो. ७२ क्रेट होते. कसारा उतरलो तोवर काही नाही. शहापूरच्या अलीकडे मागचा डावा टायर बसला, बसला म्हणजे बाजूच्या बाजू फाटूनच गेली. गाडी आवरली, कोणाला लागलं नाही, पण वीसेक क्रेट रस्त्यावर. टायर रिमवरून काढला तेव्हा आतून मूठभर काळी भुकटी सांडली, चहाच्या पुडीसारखी. पंक्चरवाल्या चाचांनी ती बोटावर घेऊन मला दाखवली आणि विचारलं, "हवा किती होती?" कमी हवेत पळालेल्या टायरच्या आतलं रबर घासून अशी भुकटी होते. ती दिसली की तो टायर संपला, पुन्हा हवा भरून चालवायचा नाही, बाहेरून कितीही नवा दिसला तरी.

चूक त्या पोराची नव्हती. त्याला गाड्यांचे आकडे पाठ नसतात, आणि मी सांगितला नव्हता.

पण माझी गाडी जाते भरून आणि येते रिकामी. मग कुठली हवा ठेवू?

खरा प्रश्न हा. आणि याला पुस्तकात सरळ उत्तर नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला वाशीहून रात्री रिकामं परतायचं नसतं.

स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडे असतील तर दोन्ही पाळणं उत्तम. पण रोज दोनदा हवा कमी-जास्त कोण करतो? कोणी करत नाही. मग मी असा नियम धरला आहे. ज्या दिवशी माल आहे त्या दिवशी मागे भरलेल्या गाडीचीच हवा, आणि ती निघायच्या आधी, टायर थंड असताना. परतीच्या रिकाम्या फेरीसाठी सोडायची नाही. गाडी उडते, कंबर हलते, मान्य. पण रिकाम्या गाडीत जास्त हवा म्हणजे त्रास आणि टायरच्या मधल्या पट्ट्याची झीज, तर भरलेल्या गाडीत कमी हवा म्हणजे फुटका टायर. दोन्हींत कुठलं पत्करायचं ते उघड आहे.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवून चालवा. रिकाम्या गाडीत मागे ६० असताना टायर जमिनीला जेमतेम टेकलेला असतो. पहिल्या पावसात, शेणामातीच्या रस्त्यावर, किंवा घाटातल्या वळणावर जोरात ब्रेक मारला तर मागची बाजू सरकते. माझ्या ओळखीतल्या पिकअपचे जे किरकोळ अपघात झालेत त्यांतले बरेचसे परतीच्या वाटेवरचे, रिकाम्या गाडीचे आहेत. तेव्हा वेग कमी.

हंगाम संपला, गाडी आठ-पंधरा दिवस घरच्याच कामाला, चारा आणायला, लग्नाची भांडी न्यायला, तर मात्र मागची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा. त्याखाली नाही. आणि पुन्हा माल लागला की आठवणीने वाढवा. ही आठवण राहत नसेल तर कमीच करू नका, हे मी मुलाला सांगतो.

माल मळ्यात भरायचा आणि तिथून पंप दहा किलोमीटर लांब, अशी अडचण असते. बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर ठेवा. ६० पर्यंत भरायला तो वेळ खातो, तापतो, मध्ये थांबवावा लागतो, पण भरतो. घेताना ८० पीएसआयच्या वर जाणारा आहे ना ते बघा. खेळण्यासारखे मिळतात ते कारपुरते.

माल चढला की दाबामुळे हवा आपोआप वाढते, म्हणून आधी कमी ठेवावी. बरोबर?

चूक, आणि हा गैरसमज जुन्या ड्रायव्हर लोकांतही आहे. ओझं आल्यावर टायर आपला आकार बदलतो, आतली जागा अगदी थोडी कमी होते. रिकाम्या गाडीला गेज लावा, माल भरा, पुन्हा लावा. एखाद्या पीएसआयचा फरक दिसला तर दिसला. गाडी चालल्यावर हवा वाढते ती उष्णतेने, ओझ्याने नव्हे.

हवा कधी तपासायची?

सकाळी, गाडी हलवायच्या आधी. किंवा निदान तीन तास उभी राहिल्यावर. पंप जवळ असेल, एक-दीड किलोमीटरच्या आत, तर तिथपर्यंत हळू चालवलेली चालते. उन्हात एका बाजूने तापलेली गाडी असेल तर त्या बाजूचे टायर जास्त दाखवतील, सावलीतले कमी. स्टिकरवरचे सगळे आकडे थंड टायरचे असतात.

किती दिवसांनी? चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप जाते. मालाची गाडी असेल तर आठवड्याला एकदा. हंगामात मी रोज सकाळी चारही टायरना गेज लावत असे, पाच मिनिटांचं काम आहे.

रस्त्यात बघितलं तर मागे ६० ची ६८ झाली होती. सोडून दिली. बरोबर केलं ना?

नाही केलं. तापल्यावर हवा वाढणारच, ती वाढेल हे धरूनच थंड टायरचा आकडा ठरवलेला असतो. तुम्ही ६८ ची ६० केली, म्हणजे रात्री टायर थंड झाल्यावर ती ५२-५३ वर आली. दुसऱ्या दिवशी तुम्ही कमी हवेवर निघालात, टायर आणखी तापला, गेजने पुन्हा जास्त दाखवली, तुम्ही पुन्हा सोडली.

वाढ किती झाली हे बघणं मात्र उपयोगाचं आहे. दहा-पंधरा टक्के वाढली तर ठीक. वीस टक्क्यांच्या वर, म्हणजे ६० ची ७२ च्या पुढे गेली, तर काहीतरी चुकतंय: सकाळी हवा कमी होती, माल जास्त आहे, वेग जास्त आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय. तेव्हा थांबा, सावलीत उभी करा, थंड होऊ द्या. टायरवर पाणी ओतू नका. एकाच बाजूचं चाक जास्त तापलेलं असेल तर हात जवळ नेऊन ड्रमचा अंदाज घ्या.

उन्हाळ्यात हवा कमी आणि थंडीत जास्त ठेवतात ना?

आकडा बाराही महिने तोच. तो सकाळी थंड टायरमध्ये जुळवायचा, एवढंच. पण ऋतू बदलला की तपासणी चुकवू नये, आणि हे आम्हा निफाडकरांइतकं कोणाला कळणार! डिसेंबर-जानेवारीत इथला पारा एक आकडी होतो, द्राक्षबागांत लोक शेकोट्या पेटवतात. समजा ऑक्टोबरात, ३० अंशांना तुम्ही ६० भरली आणि मग विसरलात. थंडीच्या पहाटे ८ अंशांना तोच टायर साडेचोपन्न दाखवेल. पुढचे ३६ चे ३२ होतील. थेंबभर हवा न गळता. साधारण हिशेब असा: दहा अंशांच्या फरकाला कारसारख्या कमी दाबाच्या टायरमध्ये पावणेदोन पीएसआय, मागच्या जास्त दाबाच्या टायरमध्ये अडीच.

याच कारणाने वाशीच्या दमट उकाड्यात दुपारी, गाडी तापलेली असताना भरलेली हवा आमच्याकडे पहाटे कमी भरते. यात घाटाच्या उंचीचाही एक गमतीशीर भाग आहे. नाशिककडचा भाग समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे खाली उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढून गेज साधारण एक पीएसआय कमी दाखवतो. त्यासाठी काही करायचं नसतं, गप्पांत सांगायला बरं असतं.

पावसाळ्यात हवा थोडी कमी केली तर पकड वाढते म्हणतात.

उलट होतं. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना टायरला ते पाणी बाजूला ढकलावं लागतं, आणि ढकलायची ताकद हवेच्या दाबातून येते. विमानांच्या चाकांचा अभ्यास करताना अमेरिकेच्या नासाने एक ठोकताळा काढला: चाक पाण्यावर तरंगू लागतं तो वेग दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ३६ पीएसआयला तो ताशी १०० किलोमीटरच्या आसपास येतो, २५ ला ८३. म्हणजे हवा कमी केली की गाडी कमी वेगातच तरंगते. आकडा तोच ठेवा, आणि नक्षी बघा. खाचांमध्ये मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरवर बसवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. गोटा झालेल्या टायरमध्ये कितीही बरोबर हवा भरा, पाणी जायला वाटच उरलेली नसते.

थोडी कमी ठेवली की गाडी मऊ चालते. चार-पाच पीएसआयने काय होतं?

अमेरिकेत यावर मोठं रामायण झालं. फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीला कंपनीने २६ पीएसआय सांगितले होते, टायर फायरस्टोनचे. टायरची वरची नक्षी सुटून गाड्या उलटू लागल्या, आणि ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आले. फायरस्टोनने नंतर ३० पीएसआय ठेवा म्हणून सांगितलं. टायरच्या बनावटीतही दोष होता, सगळं खापर हवेवर फोडता येत नाही. पण कमी हवा, उष्ण हवामान, भरलेली गाडी आणि लांबचा वेगाचा प्रवास हे त्यात एकत्र आले होते. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि पुढे नव्या हलक्या गाड्यांना हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

माल जरा जास्त भरला तर हवाही जास्त भरू का?

टायरवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या पुढे जास्त हवा मदत करत नाही. आणि टायर टिकला तरी रिम, पाटे, एक्सल, ब्रेक तेवढेच असतात. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे. कांद्याच्या भावाचं काय सांगावं, पण एखाद्या लिलावात पूर्ण खेपेचे पैसे दंडातच जातील.

लासलगावला कांदा मोकळाच भरून नेतात, तिथे वजनाचा अंदाज हमखास चुकतो. हौदा कडेपर्यंत भरला की किती होतात ते एकदा वजनकाट्यावर नेऊन बघा आणि फाळक्याच्या आत खडूने रेघ मारून ठेवा.

समृद्धीवर जायचं तर हवा कमी करावी का? तिथे टायर फुटतात.

कमी करू नका. तिथे न थांबता तासन्‌तास पळता येतं, काँक्रीट तापलेलं असतं आणि टायरला थंड व्हायला उसंत मिळत नाही. आपल्या साध्या रस्त्यावर खड्डे, गतिरोधक, गावं यांमुळे नकळत विश्रांती होते. अशा सलग पळण्यात कमी हवेचा टायर आधी जातो. थंड असताना बरोबर आकडा, मालवाहू गाडीला ठरवलेली ताशी ८० ची मर्यादा, आणि दीड-दोन तासांनी थांबून चारही चाकांभोवती एक चक्कर. टायरचं वयही बघा: बाजूच्या लंबगोलातले शेवटचे चार अंक, २३१९ असतील तर २०१९ चा तेविसावा आठवडा. जुने, कडेला बारीक भेगा गेलेले टायर घेऊन तिकडे जाऊ नये.

शेतात गाडी रुतली तर हवा सोडू का?

काळ्या मातीत मागचे टायर २०-२५ पर्यंत आणले तर पृष्ठभाग वाढतो आणि गाडी निघू शकते. आधी माल उतरवा. आणि हवा भरायची सोय हाताशी असेल तरच सोडा, तेवढ्या हवेवर डांबरी रस्त्याला लागू नका. ट्यूबचा टायर असेल तर हा प्रयोगच नको: टायर रिमवर फिरतो, ट्यूब सरकते आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो.

नायट्रोजन भरावा का?

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. विकतचा कोरडा असतो, थोडा हळू गळतो. तापल्यावर तोही तेवढाच फुगतो. फुकट मिळाला तर घ्या. नसताना साधी हवा मिसळली तर काहीही होत नाही. नायट्रोजन आहे म्हणून महिनोन्‌महिने न तपासणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्यासाठी तो महाग पडतो.

पंपावरच्या मीटरवर विश्वास ठेवावा?

पंपावर हवा फुकट मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, पण नळी दिवसभर जमिनीवर आपटत असते. आकडा लावला की टूं वाजून थांबणारी मशीन बरी, जुन्या काट्याच्या गेजवर चार-पाच पीएसआयचा फरक मी स्वतः पाहिलाय. काही शेकड्यांत स्वतःचा गेज येतो, १०० पीएसआयपर्यंत दाखवणारा घ्या. तो अचूक असला तर उत्तमच. नसला तरी रोज तोच वापरल्याने कालच्यापेक्षा आज किती गेली ते कळतं. लाथ मारून किंवा हातोडीच्या आवाजावरून ६० आणि ४५ मधला फरक कळत नाही. कळतो म्हणणाऱ्यांची मी गेज लावून परीक्षा घेतली आहे.

व्हॉल्व्हची टोपी लावा. धूळ पिनमध्ये बसली की हवा थोडीथोडी निघते. थुंकी लावून बुडबुडा बघायची आपली जुनी पद्धत अजूनही चालते.

टायरच्या झिजेवरून काही कळतं का?

मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकच कड झिजली तर हवेचा दोष नाही, अलाइनमेंट करा. वर-खाली खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग.

बरोबर हवेने डिझेल किती वाचतं?

जाहिरातीत सांगतात तेवढं नाही. सगळ्या टायरमध्ये एक पीएसआय कमी झाली तर ०.२ टक्क्याच्या आसपास इंधन जास्त लागतं, असा अमेरिकी सरकारचा अंदाज आहे. दहा कमी असतील तर दोन टक्के. पैसे खरे वाचतात ते टायरमध्ये.

स्टेपनीत किती ठेवायची?

मागच्या भरलेल्या गाडीची, वर दोन-तीन जास्त. स्टेपनी कुठल्याही चाकाला लागू शकते, आणि पुढे लावायची वेळ आली तर सोडता येते. रात्री अकराला घाटात भरता येत नाही. ती हौद्याखाली चिखलात लटकलेली असते, म्हणून कोणी तिच्याकडे बघत नाही. माझ्या त्या शहापूरच्या दिवशी स्टेपनीत १८ होती.